बंड्याचं सर्टिफिकेट

३ जानेवारी

चि. बंड्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. माझी परीक्षा होईपर्यंत लेकीने मोबाईल जप्त केलाय, म्हणून हा कागद. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात अकरा वर्षं मी प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढते आणि डॉक्टरांचे विसरलेले पासवर्ड बदलून देते. आता नेटवर्कची जागा रिकामी होतेय. साहेब म्हणाले, नेटवर्किंगचं सर्टिफिकेट आणा, खुर्ची तुमची. सत्तेचाळिसाव्या वर्षी अभ्यास! तुझे दाजी टीव्हीचा आवाज बंद करून मॅच बघतात, एवढा माझा दरारा आहे.

पण ते सबनेटिंग काही केल्या डोक्यात शिरत नाही. सात वर्षांपूर्वी तू हीच परीक्षा पास झालास, तेव्हा समजावून लिही. आणि तुझ्या सर्टिफिकेटची झेरॉक्स पाठव, टेबलासमोर चिकटवते.

माया आहेच, तूही ठेव.

ताई

१४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

सबनेटिंग म्हणजे एका मोठ्या नेटवर्कचे छोटे भाग पाडणं, जणू मोठ्या हॉलमध्ये भिंती घालणं. भिंत घातली की खोल्या दुप्पट, जागा निम्मी. आणि दर खोलीतल्या दोन जागी कुणी बसायचं नाही: पहिली खोलीच्या नावाची, शेवटची सगळ्यांना एकदम हाक मारायची. बाकी सगळा भागाकार, आणि त्यासाठी तू लहानपणी माझे कान पिळलेच आहेस.

सर्टिफिकेट घर बदलताना कुठल्याशा खोक्यात गेलं. सापडलं की पाठवतो.

दाजींना नमस्कार. लोभ वाढता राहो.

बंड्या

६ फेब्रुवारी

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या भिंती डोक्यात पक्क्या बसल्या. सराव परीक्षेत शंभरात एकसष्ट! साहेबांना सांगितलं, माझा भाऊ सर्टिफिकेटवाला आहे. ते म्हणाले, त्यांना एकदा आमच्या लोकांना शिकवायला बोलवा.

खोकी उपसू नकोस. लेक म्हणते, नुसता नंबर टाकला की वेबसाइटवर सगळं दिसतं. तेवढा कळव.

ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

नंबर नाही. खोकंही नाही. ताई, मी दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो, दुसऱ्यांदा नऊ गुणांनी. फोनवर मी एवढंच म्हणालो की झाली एकदाची परीक्षा, आणि तू ऐकलंस की पास झालो. मी तोंड उघडेपर्यंत नात्यागोत्यात डांगोरा पिटून तू मोकळी! मग जीभच रेटेना. ऑफिसात खरं माहीत आहे, म्हणूनच सात वर्षं त्याच टेबलावर आहे.

साहेबांना खरं सांग. हवं तेवढं रागव, पण पत्रं थांबवू नकोस.

बंड्या

२६ फेब्रुवारी

बंड्या,

आशीर्वाद दोन दिवस रोखून ठेवले होते, आता घे. सात वर्षं तुझ्या जोरावर मी जावांसमोर मिरवले रे! साहेबांना सांगताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते मात्र खो खो हसले. ते स्वतः तिसऱ्या खेपेला पास झालेत. आमंत्रणही कायम आहे म्हणाले.

आता निमूट ऐक. अठरा मार्च, सकाळी अकरा. मी इथे, तू तुझ्या गावच्या केंद्रावर. फॉर्म सोबत आहे, सही कर. आणि मोबाईल बायकोच्या ताब्यात दे.

थोडी रागावलेली,
ताई

१८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पास! केंद्रावरच्या बाईंना निकाल दोनदा वाचायला लावला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, तुम्हाला वाचता येतं ना? बायको म्हणते, मी जिन्यात शिट्टी वाजवत आलो. तू तर झालीच असशील. लगेच कळव.

बंड्या

४ एप्रिल

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

अठरा तारखेला मी नापास झाले.

तुझं पत्र वाचून आनंदाने ओरडले, हे खरं. पण उत्तर लिहायला चारदा बसले आणि चारदा हवापाण्याचं लिहून फाडलं. मोबाईलही लेकीकडेच राहू दिला, न जाणो तुझा फोन यायचा. सोळा दिवस हे ओझं वागवलं आणि माझी कंबर मोडली. तू सात वर्षं कसा चाललास रे? आणि तुला पास झालेलं ऐकायची घाई तर माझीच होती.

काल पुन्हा बसले. पास झाले. साहेबांनी आज सकाळीच नेटवर्कच्या खोलीत नेऊन सोडलं. मी पहिल्याच तासाला चुकीची वायर उपसली आणि नोंदणीची खिडकी दहा मिनिटं बंद पाडली. साहेब म्हणाले, आता तुम्ही खऱ्या नेटवर्कवाल्या झालात.

रविवारी सगळ्यांना घेऊन ये. तुला पोटभर ओरडायचं आहे, आणि मग पोटभर जेवू घालायचं आहे.

तुझी,
ताई