नदीपाशी अडकलेला पिक्चर

मुरबाड, रविवार, संध्याकाळ

आज पुन्हा तेच. जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला, घरातले सगळे पिक्चर त्यात भरले, हॉलमधल्या टीव्हीला जोडला, आणि ऐन वेळी पडद्यावर ते गोल फिरणारं चक्र. पाय मोडल्यापासून आई डोळखांबहून आमच्याकडे आलीय, दिवसभर खाटेवर असते. हा खटाटोप तिच्यासाठीच. की सुनीता टोमणा मारते तसा माझ्याच हौसेसाठी?

दुपारी आईच्या आवडीचा जुना पिक्चर लावला. तासभर छान चालला. नायिका सासर सोडून नदीपाशी पोचली आणि लाइट गेली. लाइट आल्यावर सर्व्हर डिस्क तपासत बसला. टीव्हीवर पुन्हा चक्र. मी वायरी काढतोय, घालतोय, चिडतोय.

"राहू दे रे," आई म्हणाली. "मला माहीत हाय पुढचं. मी सांगते."

आणि सांगू लागली. नावाड्याचा आवाज काढून, मध्येच गाणं म्हणून. सुनीताची भाजी निवडायची राहिली. मी मात्र त्यांच्याकडे पाठ करून वायरींत.

"आई, चालू झालं!" मी ओरडलो. खरंच, पडद्यावर नदी आली होती.

"अहो, बंद करा ते," सुनीता म्हणाली. "ती आत्ता कुठे नावेत चढतेय."

केलं बंद. इतके दिवस मी खपलो ते कुणासाठी, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण खाटेजवळ खाली बसलो आणि शेवट आईकडूनच ऐकला.

राग अजून गेलेला नाही. पण शेवट तिने रंगवला चांगला.