नाचाच्या हॉलखालचे दोन खांब

मी, या नाचाच्या हॉलचा मालक आणि इथल्या सोळा जणांच्या बँडचा मास्तर, वय वर्षे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, छाती नाही. डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली आहे. दारूही त्यांनीच बंद केली, तेव्हा माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती.

१. हॉल, मागची खोली, पियानो आणि माझ्या हातच्या, माम्बो आणि चा-चा-चा या नाचांच्या नोटेशनच्या वह्या माझ्या एकुलत्या एक मुलीला. पियानो तीच वाजवते, बँडही आता तीच हाकते.

२. माझा ट्रम्पेट तिसऱ्या ट्रम्पेटवाल्याला. पहिला म्हणेल, मान माझा. त्याने अठरा वर्षांपूर्वी ऐन नाचाच्या दिवशी दुसऱ्या बँडची सुपारी घेतली होती. त्याला माझ्या कोटाचा हँगर द्यावा, कोट देऊ नये.

३. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. हॉल नवा होता तेव्हा त्याची लाकडी जमीन अगदी ठोकळा होती. पाच ट्रम्पेट एकदम सुटले तरी लोकांचे पाय उचलत नव्हते. फळ्यांखालच्या तुळईला मधोमध दोन खांब होते. ते काढले तर फळ्या नाचणाऱ्याला वर झेलतील, असे माझ्या डोक्यात आले. माझा मेहुणा सुतार. तो म्हणाला, "दाजी, पाहिजे तर माझा पाय काढा, पण खांबाला हात लावू नका." मी बरं म्हटले. तो परगावी गेल्यावर बँडमधल्या टिंबाली, म्हणजे जोडढोल, वाजवणाऱ्याला हाताशी धरून दोन्ही खांब काढले आणि तळघरात भिंतीशी आडवे टाकले. टिंबालीवाला वारला, त्यामुळे हे आता मला एकट्यालाच माहीत आहे.

त्या आठवड्यापासून हॉल भरला तो भरलाच. लोक म्हणायचे, इथे पाय जमिनीवर ठरतच नाही. माझी बायको, आता हयात नाही, बरोबर मधोमध नाचायची. मी ट्रम्पेट वाजवत तिच्या पायांकडे बघायचो आणि घाबरायचो. मनाशी म्हणायचो, ही फॅशन आहे, पाच-सात वर्षांत ओसरेल, लाकूड तेवढे निभावून नेईल.

फॅशन ओसरली नाही. नवी गाणी आली आणि गेली. पण काँगा ढोलाने ठेका धरला, सॅक्सोफोनवर ट्रम्पेट चढले, की आजही आज्या आणि नाती एकाच रांगेत उभ्या राहतात. सगळी वाद्ये क्षणभर थांबून पुन्हा सुटतात तेव्हा अख्खा हॉल एकदम पाय आपटतो. हल्ली त्या वेळी पियानोवरचा पाण्याचा ग्लास कडेकडे सरकतो. मुलगी हसून तो मागे ढकलते.

येत्या रविवारी हॉलला पन्नास वर्षे होतात. चारशे लोक येणार आहेत. मुलीला सांगायला दोनदा गेलो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त पहिल्या गाण्याला हात वर करून बँड सुरू करा, बाकी मी बघते." मी मान डोलावली. लाज वाटते, पण खरे लिहितो, मलाही तो हात वर करायचा आहे.

४. सबब, माझ्यामागे खांब पुन्हा बसवावेत आणि तोवर या हॉलमध्ये कोणीही नाचू नये. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे मला कळते. रविवारच्या आत गेलो तर बरे.

ठिकाण: हॉलच्या मागची खोली
दिनांक: त्या रविवारआधीचा शुक्रवार, दुपारी

सही
(बँडमास्तर)

साक्षीदार १: डॉक्टर. सही माझ्यासमोर केली. शुद्धीवर होते. मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार २: सुतार, मेहुणा. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, मी वाचला. तळघरात जाऊन आलो. तेच खांब उभे करून बघितले, आता चार बोटं लांब होतात. तुळई तेवढी खाली बसली आहे. वर तालीम चालू आहे आणि ऐकायला आलेले लोक नाचायला लागलेत. पोरीला बाहेर काढायला वर चाललोय.