उजवीकडून हाक मारा

नायगाव, मुंबई
ता. १८ ऑगस्ट १९८६

तीर्थस्वरूप धर्माभावोजींना तुळसाचा वाकून नमस्कार. सोनूबाई जाऊबाईंनाही माझा नमस्कार सांगा. इकडे सगळी खुशाल आहेत. तुमची लावणी उरकली असेल. आमची गुणवंती आठवीत गेली. वर्गात फार बोलते अशी बाईंची तक्रार आहे. माझ्यावर गेलीय, दुसरं काय! चाळीच्या गणपतीची सजावट कोणी करायची यावरून नेहमीची भांडणं सुरू झालीत, म्हणजे गणपती जवळ आलाच म्हणायचा.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही दचकला असाल. दोन वर्षांत सख्ख्या भावाचं पत्र नाही आणि आता एकदम भावजयीचं. पण फाडू नका. आधी पुरतं वाचा, मग हवं तर चुलीत घाला.

गेल्या महिन्यात यांचं, तुमच्या लहूचं, ऑपरेशन झालं. डोक्याचं. घाबरू नका, आता समोर बसून पेज पितायत आणि लोणचं का वाढलं नाही म्हणून माझ्याशी वाद घालतायत. आधी कळवलं नाही, कारण यांनीच शपथ घातली होती. "जगलो तर पत्र टाक, नायतर तार करूचीच लागतली," म्हणाले. असला यांचा विनोद. मला त्या दिवशी हसू आलं नव्हतं.

सगळं सुरू झालं डाव्या कानापासून. आधी वाजायचा, मग ऐकू कमी येऊ लागलं. पण गिरणीच्या साचेखात्यात माग चालवणाऱ्या माणसाचा कान वाजतो यात नवल काय? तुम्हीही त्या खात्यात उमेदीची वर्षं घालवलीत. शंभर साच्यांच्या खडखडाटात तुम्ही भाऊ एकमेकांशी नुसते ओठ हलवून बोलायचात, ते तुम्हाला मी काय सांगू. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, गिरणीचा आवाज लागलाय. शेजारी म्हणाले, सगळ्यांचंच होतं. आम्हीही तेच धरून बसलो. घरात तर कळायचंच नाही, कारण समोरच्याचे ओठ बघून हे प्रत्येक गोष्टीला बरोबर उत्तर द्यायचे.

मग तोल जायला लागला. जिन्यात भिंतीला धरून चढायचे. संपानंतर इथे किती घरांत दारू शिरली ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे लोकांना शोध लावायला वेळ लागला नाही. आमच्या शेजारच्या गंगूबाईने 'लहू पिऊन येतो' हे चाळभर केलं. तुमच्याही कानावर आलं असेल. मी स्वतः यांच्या तोंडाचा वास घेतलाय, भावोजी. चहाचा यायचा.

एका सकाळी दाढी करताना डावा गाल कापला. बनियनवर रक्त ओघळलं आणि यांना पत्ताच नाही! आरसा पुसत बसले होते. मी तशीच हात धरून परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे कानाच्या विभागात नाबर नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. अंगाने काडी, पण आवाज करारी. त्यांनी नाव, गाव, काम विचारलं. यांनी सगळं नीट सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही सारखे माझ्या ओठांकडे का बघता?"

हे लाजले. "सवय आहे बाई. आमच्या खात्यात तसंच बोलतात."

बाईंनी केसपेपर आपल्या तोंडापुढे धरला. मला यांचा उजवा कान घट्ट दाबायला लावला आणि विचारलं, "तुमच्या बायकोचं नाव काय?"

हे आपले हसतमुखाने बसून राहिले. आपल्याला काही विचारलंय हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"साच्यांचा आवाज दोन्ही कानांना सारखा लागतो," बाई म्हणाल्या. "एकटा डावाच कसा जाईल?" इतकी वर्षं हा साधा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता. गिरणगावात तो येणारही नाही.

मग मशीनवर कान तपासले, डोक्याचा स्कॅन काढला. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ निघाली, मोठ्या सुपारीएवढी. लाखात एखाद्याला होते म्हणे. बहुतेक कॅन्सर नाही असं म्हणाले, तेव्हा मी हात जोडले. पण जागा वाईट होती. मेंदूवर दाब येत होता, तोल त्यामुळेच जायचा. आणि चेहरा हलवणारी नस त्या गाठीवरच पसरली होती. मोठ्या सर्जननी स्वच्छ सांगितलं, काढली नाही तर जीव जाईल, काढताना नस दुखावली तर अर्धा चेहरा लुळा पडेल. डावा कान मात्र गेल्यातच जमा.

हे विचारतात कसे, "साहेब, ती नस किती जाड?"

"ताणून दोऱ्यासारखी झाली असेल."

"आमचा धागा तुटला तर आम्ही साचा थांबवून सांधतो. तुम्ही काय करता?"

सर्जन हसले नाहीत. म्हणाले, "आम्ही तुटू नये म्हणून सावकाश जातो."

आणि खरंच सावकाश गेले. सकाळी आत नेलं ते दिवेलागणीला बाहेर आणलं. दिवसभर मी बाकावर होते. शेजारी कोण बसलं असेल? गंगूबाई! डबा घेऊन आली होती. माझा हात धरून बसली. मी तिला काही सुनावलं नाही, म्हणजे बघा माझी काय अवस्था असेल.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. "सगळी गाठ निघाली. नस शाबूत दिसतेय. चेहऱ्याचं उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी मला काचेबाहेर उभं केलं. आत नाबरबाई यांना खुणा करून सांगत होत्या, डोळे मिटा, गाल फुगवा, दात दाखवा. यांनी डोळे मिटले, दोन्ही मिटले! गाल फुगवले, दोन्ही फुगले! मग शीळ घालायला सांगितली असावी, कारण यांनी ओठांचा चंबू केला आणि नाबरबाई, ती करारी बाई, टाळ्या पिटत उडी मारून मागे वळली. काचेमुळे मला शीळ ऐकू आली नाही. पण जगात कोणी इतकी सुंदर शीळ घातली नसेल.

मग यांनी मला बघितलं आणि ओठ हलवले. तुमची ती गिरणीतली बोली मलाही येते आता, इतकी वर्षं संसार केलाय. दोन्ही बाजूंनी सारख्या हललेल्या त्या ओठांवर पहिले शब्द माझ्यासाठी नव्हते. "दादाक सांग," म्हणाले.

तपासणीतही गाठ साधीच ठरली. आता हे काठी टेकत पॅसेजमधून फेऱ्या मारतात. अजून झोकांड्या जातात, पण मी मान ताठ करून बरोबर चालते. बघू दे चाळीला! पेढे मी स्वतः दारोदार वाटले, गंगूबाईला दोन दिले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. दोन वर्षांपूर्वीचा आपल्या गावच्या घरचा गणपती. संपानंतर गिरणीने यांना परत घेतलं, तुम्हाला नाही, तरी तुम्ही मन मोठं करून आरतीत हाक मारली होती, "लहू, ये, निरांजन तू घे." आणि हे सगळ्या भावकीसमोर पाठ फिरवून अंगणात निघून गेले. गिरणीने ठेवून घेतलं म्हणून माज चढला, असं तुम्ही म्हणालात आणि त्या दिवसापासून बोलणं टाकलंत. मलाही तेच वाटलं होतं. हे मात्र मुंबईत येऊन महिनोन् महिने एकच विचारायचे, "दादा माझ्याशी बोलत का नाही गो?"

त्या दिवशी तुम्ही यांच्या डाव्या हाताला, जरा मागे उभे होतात. टाळ-झांजा चालू होत्या. तुमचे ओठ यांना दिसत नव्हते. गाठ कैक वर्षं सावकाश वाढत होती, असं डॉक्टर म्हणतात. ती तेव्हाही तिथेच होती, भावोजी. माज नव्हता. तुमच्या भावाने तुमची हाक ऐकलीच नाही.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिलीय. तुम्ही बोलावलं नाहीत, तरी आम्ही गणपतीला येतोय. गाठ गेली, चेहरा राहिला, माणूस राहिला. डावा कान तेवढा गेला. तेव्हा यंदा आरतीला निरांजन हातात घ्याल तेव्हा यांच्या उजव्या बाजूला उभे राहा आणि तिथून एकदा हाक मारा.

यांची 'ओ' ऐकायला मी दारात उभी असेन.

तुमची धाकटी भावजय,
तुळसा