पाणी अडवणारी झडप

प्रिय बाबा,

आधी नमस्कार, मग बडबड. मी मजेत आहे. नीट जेवते. खोकला गेलाय, म्हणजे जवळजवळ.

आज क्लासच्या सरांनी खाटकाकडून बकऱ्याचं हार्ट आणलं! "डावी बाजू दाखव," ते मला म्हणाले, आणि मी मागच्या मेडिकल प्रवेश परीक्षेतलीच चूक केली. पुस्तकातल्या चित्रात डावी बाजू आपल्या उजव्या हाताला असते, मी घाईत उलटं धरते. "बाईसाहेब, पेशंटला पालथं झोपवणार का?" सर म्हणाले. माझ्यासारखे पुन्हा बसणारे सगळे रिपीटर खिदळले.

मग म्हणाले, "दाबून बघ." एक बाजू मऊ, दुसरी केवढी जाड! जाड ती डावी, कारण तिला सगळ्या अंगात रक्त ढकलायचं असतं. आता मी चुकणं शक्यच नाही.

नंतर सरांनी डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात नळाचं पाणी ओतलं. पातळ झडप फुगली आणि मिटली. वरच्या कप्प्यात एक थेंब आला नाही! बाबा, ते हार्ट मेलेलं होतं, तरी आपलं काम विसरलं नव्हतं. झडपेला खालून धरून ठेवणारे दोरे तर तुम्ही ब्लाउजला हूक लावता त्या दोऱ्याहून बारीक.

आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर तुम्ही "नाही जमलं तर बघू" म्हणता. जमेल का, मला खरंच माहीत नाही. पण आता मला नुसतं पास व्हायचं नाहीये, हे हार्ट जिवंत चालताना बघायचंय. तिसऱ्यांदा परीक्षेला बसावं लागलं, तर बसू द्याल ना?

तीनदा हात धुऊन लिहिणारी,
तुमची लेक