बकरी छपरावर कशी चढली

७ जून

लाडक्या खारूस,

ताईचे अनेक आशीर्वाद, आणि डाव्या कानाला एक चिमटा. लग्नाला चार महिने झाले आणि पत्र आत्ता! असो, आलं हे महत्त्वाचं. फोनवर तू ‘मजेत आहे’च्या पुढे सरकत नाहीस. कागदावर निदान तुझं पेन कुठे अडलं ते मला दिसतं.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते माझ्याच वयाचे, त्यांना काय बोलणार. बांधणीचं काम चालू आहे. वाचनालयाने यंदा फाटक्या पुस्तकांचे सात गठ्ठे पाठवलेत आणि मी त्यांच्यामागे बसले की गिऱ्हाइकाला फक्त माझा अंबाडा दिसतो. पुस्तकं दाबायचा बाबांचा शिकंजा अजून कुणाच्या बापाला ऐकत नाही. मला मात्र ऐकतो, कारण मी त्याच्याशी भांडत नाही. तेल घालते आणि वाट पाहते.

आता तुझ्या घराविषयी. माणसं चार आणि तोंडं चार दिशांना, असं तू लिहिलंस. जावईबापू दिवसभर विजेच्या तारा ओढून येतात आणि खुर्चीत टेकले की घोरतात. सासूबाईंना कमी ऐकू येतं, आणि जेवढं ऐकू येतं तेवढं पटत नाही. आणि जावईबापूंची आठ वर्षांची लेक तुला काहीच म्हणत नाही. आई नाही, मावशी नाही, काकू नाही. नुसतं ‘ऐका ना’. हे वाचून मी एकटीच हसले. पूर्वीच्या बायका नवऱ्याला हाक मारायच्या तशीच ही हाक. हसता हसता मग डोळे पुसले. तिच्या आईला जाऊन दोन वर्षं झाली, आणि पोरीला त्रास नको म्हणून जावईबापूंनी आईचे सगळे फोटो कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिलेत, हेही तू लिहिलंस. त्यावर मी काय बोलणार? ज्याचं घर त्याला ठाऊक.

तर रोज संध्याकाळी चौघांनी मिळून अर्धा तास वाचायचं, ही तुझी कल्पना झकास आहे. जन्मात एक पुस्तक सलग न वाचलेल्या बाईला ती सुचावी हे विशेष. आणि वर फर्मान, ‘ताई, चांगली पुस्तकं निवडून पाठव.’

अगं, चांगलं पुस्तक मला मजकुरावरून कमी आणि मळावरून जास्त कळतं. बक्षिसाचं पुस्तक बघ, पहिल्या पानावर शिक्का, सही, शुभेच्छा, आणि पुढची सगळी पानं कोरी करकरीत. असलं पुस्तक माझ्याकडे दुरुस्तीला कधी येतच नाही. काहींची पहिली दहा पानं काळी आणि बाकीची पांढरी. म्हणजे लोकांनी प्रयत्न केला, पण जमलं नाही. आणि काही पुस्तकं अशी येतात की कोपरे गेलेले, चहाचे डाग, पानावर कुणीतरी भात सांडलेला, शिवण निसटलेली. ती घरातल्या सगळ्यांनी ओढाताण करून वाचलेली असतात. मी त्यांतलीच निवडली. माझ्याच हातची नवी बांधणी आहे, बिनधास्त ओढा.

कोड्यांचं पुस्तक जावईबापूंसाठी. उत्तरं शेवटी उलटी छापली आहेत, ती तू आधीच टाचणीने बंद करून टाक. कोडं अर्धवट सोडून झोपणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. दोन शेजारणींच्या भांडणाची गोष्ट आहे, त्यातली एक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ओरडतच असते. ते ओरडूनच वाच. सासूबाईंना ऐकू जाईल, आणि शेजारणीची बाजू पटली तर त्या स्वतःच ओरडायला घेतील. आणि एक नुसतं चित्रांचं आहे, शब्द एकही नाही. ते लेकीच्या हातात दे आणि म्हण, ‘काय चाललंय यात, मला सांग.’ सांगायला लागल्यावर तिला तुझ्यासाठी नाव शोधावं लागणार नाही.

मोठं माणूस डुलक्या घेतंय, लहान माणूस लोळतंय, चालेल. मध्येच कुणी ‘हे खोटं आहे’ म्हणालं तर उत्तम. फक्त बाबांचा नियम पाळ. पुस्तक उपडं टाकून उठायचं नाही, कणा मोडतो. बाबा जन्मात दोनदा ओरडले, दोन्ही वेळा यावरून, दोन्ही वेळा तुझ्यावर.

शेवटी तू आपलं होडीचं पुस्तक मागितलंस. होडीत राहून गावोगाव मडकी विकणारं ते कुटुंब आणि त्यांची हट्टी बकरी. ते सापडत नाही गं. वरच्या फळीवर होतं, वाळवीने खाल्लं असेल. नाहीतरी जुनी भाषा आहे, पोरीला कंटाळा येईल. त्याचा नाद सोड.

सगळ्यांना यथायोग्य सांग. लेकीला काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझी,
ताई


१९ जून

खारू,

तुझं पत्र सकाळी आलं. खळ शिजत ठेवली होती, ती वाचता वाचता करपली. कोड्यांपायी जावईबापू तासभर जागे राहिले, आणि शेजारणीचं ओरडणं सासूबाईंनी खरंच स्वतःकडे घेतलं, हे वाचून मी इतकी हसले की समोरचा शिंपी डोकावून गेला. लेकीने चित्रांच्या पुस्तकात बोट ठेवून तुला पाऊण तास गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीत आई कुठेच नव्हती, हेही वाचलं.

आणि खाली तू लिहिलंस की होडीचं पुस्तक लेकीच्या शाळेत मिळालं, शुक्रवारी ती घेऊन येईल, रविवारी तुम्ही सुरू करणार. ‘आई बकरीला म्हणते, बाईसाहेब, उतरता की ढकलू? ते वाक्य कुठल्या पानावर आहे गं? आणि ते, कानटोपी घाल नाहीतर कान गळून पडतील? मला तिला आधी तेच ऐकवायचंय.’

ती वाक्यं कुठल्याच पानावर नाहीत, खारू.

पुस्तक हरवलेलं नाही. वाळवीवर मी उगाच आळ घेतला. ते माझ्या खणात आहे, आणि त्याच्या खाली एका लिफाफ्यात त्याची सोळा पानं आहेत. सत्त्याण्णव ते एकशे बारा. त्या पानांत होडीतली आई तापाने मरते.

आपली आई तेव्हा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. मी अकरा वर्षांची, तू पाच. आपल्याला वाचायला म्हणून बाबांनी ते पुस्तक बांधायला घेतलं, आणि सवयीप्रमाणे बांधायच्या आधी वाचलं. मग तेवढा फर्मा उचलला आणि पुस्तक त्याच्यावाचून शिवलं. फर्मा म्हणजे एका घडीची सोळा पानं, त्यातली हवी तेवढीच काढता येत नाहीत, म्हणून आईच्या मागेपुढे बकरीचीही थोडी गंमत गेली. आठवतं, तू दर वेळी विचारायचीस, बकरी आत्ता तर काठावर होती, एकदम छपरावर कशी चढली? मी म्हणायची, बकऱ्या चढतात.

मला ते पानांच्या आकड्यांवरून कळलं. मी बाबांकडे गेले, शहाण्णवच्या पुढे एकशे तेरा कसे, म्हणून विचारलं. ते दोऱ्याला मेण लावत होते. म्हणाले, "तुला कळलं ना? मग आता तू सांभाळ."

अकरा वर्षांच्या पोरीला असं सांगू नये कुणी. पण त्यांना तरी दुसरं कोण होतं?

मग मी सांभाळलं. एकशे तेरानंतर त्या पुस्तकात आई नाहीच. तू विचारलंस, "आई कुठे गेली?" मी म्हटलं, ही काय, इथेच आहे, आणि वाचता वाचता तिला बोलायला लावलं. ती बकरीला रागवायची, मडकी मोजायची, कानटोपी घालायला लावायची. माझ्या डोक्यात कुठलं एवढं? ती सगळी आपल्याच आईची वाक्यं होती. आतल्या खोलीतून यायची, ती मी होडीत बसवायची. आई गेल्यावरही मी तीन वर्षं तसंच वाचत राहिले. तू स्वतः वाचायला लागलीस तेव्हा पुस्तक खणात टाकलं आणि तुला सांगितलं, मोठी झालीस, आता दुसरं वाच. तू दुसरं कधी वाचलं नाहीस, यात माझा वाटा किती, ते मला विचारू नकोस.

इथवर लिहून मी उठले होते. दोन पुस्तकांना पुठ्ठे चढवले. पण ते लिहायचं राहिलंच आहे.

दर भांडणात तू म्हणतेस, "आईच्या वेळी मला कुणी आत नेलं नाही." आणि दर वेळी मी म्हणते, "तू लहान होतीस." ते खरं नाही.

दुपारची वेळ होती. आपण बाहेर कागदाच्या कतरणांच्या ढिगावर बसलो होतो, मी वाचत होते, बकरी छपरावर होती, आणि तू हसून हसून मागे पडत होतीस. आतून आईने तुला हाक मारली. एकदाच. तू हसत होतीस, तुला ऐकू आलं नाही. मला आलं. मग बाबा दारात आले आणि हळूच म्हणाले, "हिला आण, ती बोलावते आहे." मी म्हटलं, "एवढं पान होऊ दे." बाबा एकटेच परत आत गेले.

ते पान मी दोनदा वाचलं, खारू. मोठ्याने वाचलं. तू लहान होतीस म्हणून नव्हे, मी घाबरले होते म्हणून. आत गेलो की ते खरं होईल असं वाटत होतं. पान संपलं तेव्हा बाबा पुन्हा दारात उभे होते आणि आता ‘हिला आण’ म्हणत नव्हते.

पुढे बाबा मला म्हणाले, आईने हिचं हसणं ऐकलं, म्हणाली, असू दे, हसू दे तिला. हे खरं की त्यांनी माझ्यासाठी आणखी एक फर्मा उचलला, मला सांगता येत नाही. मी छत्तीस वर्षं ते खरं मानत आले. तुला मानवलं तर तूही मान. नाही मानवलं, रागावलीस, तर तो राग माझा आहे, आणि तो मला पोचव.

रविवारी त्या शाळेच्या पुस्तकातून तू बेसावध त्या पानांवर पोचली असतीस, लेक शेजारी बसलेली असताना. म्हणून हे लिहावं लागलं. नाहीतर मी काही धीट बाई नव्हे, तुला ठाऊक आहे.

आपलं पुस्तक या पत्राबरोबर पाठवते आहे. कुरिअरवाल्याला दम दिलाय, शनिवारच्या आत पोचेल. आज दुपारी मी ते उसवलं आणि सोळा पानं जागच्या जागी शिवली. इतकी वर्षं अंधारात राहिल्याने ती बाकीच्यांपेक्षा पांढरी आहेत. पुस्तक मिटलं तरी कडेवरून ओळखू येतात. येऊ देत. आधी तू आणि जावईबापू दोघं वाचा, आणि मग त्यांना माझ्यातर्फे सांग की वरच्या कप्प्यातले फोटो खाली काढा. ज्याचं घर त्याला ठाऊक, असं मी मागच्या पत्रात म्हटलं होतं. ते भित्रेपणाचं बोलणं होतं. पोरीला आकडे मोजता येतात. शहाण्णवच्या पुढे एकशे तेरा आले की तिला कळतं, आणि मग ती एकटीच सांभाळत बसते.

एकशे तेराच्या पुढे आईची वाक्यं मी समासात पेन्सिलीने लिहिली आहेत. बाईसाहेब, उतरता की ढकलू, ते एकशे अठरावर. कानटोपी एकशे तीसवर. जेवढी आठवली तेवढी लिहिली. तुला आणखी आठवतील, तीही लिही. उजवीकडचे समास कोरे ठेवलेत. लेकीच्या आईचीही वाक्यं असतीलच, रागावण्याची, वेणी घालतानाची, शाळेला उशीर झाल्याची. ती तिने लिहावीत. पार्सलमध्ये एक पेन्सिल टोक करून ठेवली आहे. तुला ती काय म्हणते याची घाई करू नकोस. त्या होडीत दोन बायका मावतील.

आणि हो, बकरी छपरावर कशी चढली ते त्या सोळा पानांत आहे. मी सांगणार नाही. वाचून बघ. रडता रडता हसशील, एवढं सांगते.

राहता राहिला बाबांचा नियम. तो मी आज मोडीत काढते. वाचताना आतून कुणी हाक मारली, सासूबाईंनी, जावईबापूंनी, लेकीने, कुणीही, तर पान पुरं करायचं नाही. पुस्तक उपडं टाकायचं आणि उठायचं. कणा मोडला तर मोडू दे. इकडे पाठव, मी शिवून देईन.

तुझी,
ते पान दोनदा वाचणारी
ताई