आदर्श कर्मचाऱ्याची ग्रंथी

ती. वहिनींस,

धाकट्या दिराचा नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? नर्सची नोकरी संपल्यापासून दिवसभर कुणाला रागावता? (दादा एकटे पुरत नसतील.) आम्ही सगळे मजेत. माझ्यापुरता हा शब्द जरा सैल वापरलाय, पण सध्या माझ्या पँटीही तशाच आहेत.

तुम्ही मला जन्मभर आळशी म्हणालात, म्हणून मुद्दाम कळवतो. गेल्या चार महिन्यांत मी आमच्या नोंदणी कार्यालयातल्या सहा वर्षं तुंबलेल्या फायली निकालात काढल्या. पहाटेच टक्क जाग यायची. भूक अशी, की माझा डबा दहाला संपायचा आणि शेजारच्या कारकुनाचा साडेदहाला, तरी वजन नऊ किलोंनी उतरलं. सगळे स्वेटर घालून बसलेले असताना मी घामाघूम होऊन पंखा पाचवर लावायचो, आणि कुणी बंद केला की त्याच्या अंगावर धावून जायचो. साहेबांना यात नेतृत्वगुण दिसले. त्यांनी सूचनाफलकावर माझा फोटो लावला (डोळे बाहेर आलेत, खाली ‘सदैव दक्ष’ असं लिहिलंय), माझ्यासारखं काम करा म्हणून परिपत्रक काढलं आणि हेडक्लार्कची जागा मलाच देणार, असंही सुचवलं.

मग एके दिवशी हात इतका थरथरला, की एकाच अर्जावर सात शिक्के उमटले. नाडी बसल्या जागी एकशे वीस. डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, रक्त तपासलं आणि थायरॉईड ग्रंथी फार चालतेय असं सांगितलं. शरीराचे रक्षकच चुकून तिला डिवचत राहतात, ती गरज नसताना रस सोडत बसते आणि हृदयापासून आतड्यांपर्यंत सगळ्यांची धावपळ होते. (अगदी आमचं कार्यालय. जो काम करतो त्यालाच स्मरणपत्रं.) हे घराण्यातही असू शकतं म्हणे, तेव्हा दादांचं रक्त तपासून घ्या. त्यांना तापट म्हणून आपण उगाच बदनाम केलं असेल.

साहेबांना रिपोर्ट दाखवला. ते गंभीर झाले. म्हणाले, “गोळ्यांनी तुम्ही पहिल्यासारखे व्हाल?” मी हो म्हटलं. “मग हेडक्लार्कच्या मुलाखतीपर्यंत थांबा ना. सहाच तर आठवडे.” एवढ्यावर भागलं नाही. आणखी कुणाला हा आजार आहे का ते पाहायला त्यांनी सगळ्या विभागाची रक्ततपासणी करायचं ठरवलंय.

तुम्ही काळजी करू नका. गोळ्या वेळेवर घेतो.

तुमचा,
दीर

ता. क. गोळ्या घेत नाही. अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी मला कामाचा माणूस म्हणालं, ते सोडवत नाही. जिना चढलो की छातीतली धडधड थांबत नाही, तेव्हा मात्र भीती वाटते. हिला सांगू नका.

ता. क. वहिनी, ही मी. यांच्या हाताने तिकीट नीट चिकटेना, म्हणून पत्र माझ्याकडे आलं. न फोडलेलं गोळ्यांचं पाकीट मी आठवडाभर बघतेय. मी बोलले की चिडतात, तुम्ही बोललात की तोंड उघडतील. पत्र मिळताच निघा. साहेबांना दुसरा हेडक्लार्क मिळेल, मी या वयात नवरा कुठे शोधू?