अध्यक्षांची दोन मतं

२ जानेवारी, सकाळ
मेहुण्याच्या खोक्यांच्या कारखान्यातली गोदाम-मॅनेजरी सोडली. आजपासून राष्ट्रीय ब्लॉकचेन उद्योजक मंच. अध्यक्ष मी. देशातले सगळे धंदे एका साखळीत आणणार. नोंदीची प्रत प्रत्येकाकडे, एकदा चढलेली नोंद कुणाच्या बापाला पुसता येत नाही, मधला माणूस नको, कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही. हे शेवटचं मला फार पटतं. मी तसाही कुणावर ठेवत नाही.
मेहुणा म्हणाला, नाही जमलं तर गोदाम आहेच, भाऊजी. वर दात काढले. मेलो तरी तिथे पाऊल टाकणार नाही.

११ जानेवारी
पहिली राष्ट्रीय सभा. हॉलभर खुर्च्या. आले तिघं: मेहुणा, एक साबणवाला आणि समोरचा डेंटिस्ट. बायको चहा देत होती. साबणवाल्याने विचारलं, यानं साबण जास्त खपेल का. अडाणी. डेंटिस्टने विचारलं, मुळात नोंदच चुकीची चढवली तर? कुजकट माणूस. पुढच्या मुद्द्यावर गेलो. वेळ नव्हता.

१४ जानेवारी
पाच सभासद हवेत. बायकोला घेतलं. ती म्हणाली, मला यातलं काही कळत नाही. म्हटलं, म्हणूनच. तिच्या फोनवर ॲप टाकलं, पासवर्ड मीच ठेवला. तिचं मत मीच देत जाईन, तिला कशाला त्रास.
नियम केला: ठराव आला की फोनवर 'मान्य' किंवा 'अमान्य' दाबायचं. बहुमत झालं की पक्कं. अध्यक्षालाही फिरवता येणार नाही. मेहुण्याला वेसण हवीच.

६ फेब्रुवारी
ठराव: लेटरहेडवर माझा फोटो. मी मान्य, बायको मान्य (मी), साबणवाला मान्य. डेंटिस्ट अमान्य! म्हणे फोटो पत्रापेक्षा मोठा आहे. हा माझ्यावर दात धरून बसलाय.

७ फेब्रुवारी
संकल्प: रोज दहा उद्योजकांना फोन.

८ फेब्रुवारी
घसा बसलाय. उद्यापासून.

१२ मार्च
यश! मेहुणा साबणवाल्याला खोकी पुरवतो. किती पाठवली, किती पोचली, यावरून दर वेळी दोघांची जुंपायची. आता दोघांकडे तीच नोंद, भांडण बंद. श्रेय कुणी दिलं नाही.
ठराव आणला: प्रत्येक नोंद आधी माझ्याकडे तपासणीला यावी. दोन माझी मतं, एक साबणवाल्याचं. बिचाऱ्याने वाचलं नसावं.

२७ मार्च
अंगात कसकस होती, झोपून होतो. तपासणी राहिली. खोक्यांचा टेम्पो साबणवाल्याच्या गेटवर अडकला, साबणाचं मशीन बंद. दोघं मिळून मला फोनवर बोलले. म्हणे तुम्ही मधे कशाला? कृतघ्न लेकाचे. शिकवलं कुणी?

१९ एप्रिल
बायकोने विचारलं, देशातून किती सभासद झाले? पाच. पण दर्जेदार. तिला दर्जा कळत नाही. मेहुण्याला सहज सुचवून ठेवलं, अध्यक्षपद तहहयात असावं. त्याने हातातला चहा तसाच खाली ठेवला. भारावला असेल.

२३ एप्रिल, सकाळ
डेंटिस्टचा फोन. आज अध्यक्षपदाबद्दल मेहुण्याचा ठराव येतोय, नीट वाचून मत द्या. जळतोय. फोन कापला.

दुपार
ठराव आला. अक्षरं बारीक, पानभर. मेहुण्याचं गद्य कोण वाचणार? 'अध्यक्षपद' एवढं दिसलं, पुरे. मान्य दाबलं. बायकोचा फोन ओट्यावर होता, त्यावरही दाबलं. शपथविधीला निळा सूट.

संध्याकाळ
मान्य चार, अमान्य एक.
ठराव: मंचाचं अध्यक्षपद आणि अध्यक्षीय तपासणी कायमची रद्द. सभासदांनी थेट व्यवहार करावा.
डेंटिस्टला फोन केला. म्हटलं, बोट चुकलं, नोंद पुसायची कशी? तो म्हणाला, पुसता येत नाही. तुमचाच नियम आहे, म्हणून तर सकाळी फोन केला होता. तोंडात मारल्यासारखं झालं. अमान्य त्याचंच होतं.
बायकोने फोन मागितला. चष्मा लावून अख्खा ठराव वाचला. मग म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी अमान्य दाबलं असतं."
ती, डेंटिस्ट आणि मी. तीन होतात.
मला तिच्याकडे बघवेना. सूट परत कपाटात टाकला.

२ मे
गोदामात रुजू. तात्पुरता. क्रांती आतूनच होते. मेहुण्याने किल्ल्या हातात दिल्या, हेही त्याचं नाटकच. मंचात आता एकोणीस कारखाने आहेत म्हणे. बघू किती टिकतात.
निघताना बायकोने डबा हातात दिला. तिने पासवर्ड बदललाय. मी विचारला नाही.